सोबतीची कांडी

एचआयव्हीची तपासणी आता घरच्या घरी, एकट्याने, कुणाला न सांगता करता येते, हे लोकांना पटवून देण्यासाठी आमच्या संस्थेने जो माणूस निवडला त्याला एकट्याने केलेली कुठलीच गोष्ट पसंत नव्हती. मास्तर एकट्याने चहासुद्धा पीत नसत. समोर कुणी नसेल तर शेजारच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याला हाक मारत, आणि तो नको म्हणाला तर त्याच्यावर रागावून स्वतःचाही चहा परत पाठवत.

मास्तर म्हणजे लेडीज टेलर. घाटकोपर पश्चिमेला टेकडीवर चढत गेलेली जी वस्ती आहे, तिच्या पायथ्याशी त्यांचं दुकान होतं. पुढे मशीन, मागे पडदा, पडद्यामागे स्टूल आणि आरसा, संपलं दुकान. त्यांच्याकडे बारमध्ये काम करणाऱ्या बायका येत, फोन आला की धंद्याला निघणाऱ्या येत. तृतीयपंथी तर लांबलांबून येत, कारण इतर टेलर त्यांचं माप घेताना दात काढत आणि मास्तर सगळ्यांवर सारखेच खेकसत. संध्याकाळी काही तरुण मुलं नुसतीच येऊन बसत. त्यांना शिवून घ्यायचं काहीच नसे. या सगळ्यांना आमच्या ऑफिसात 'हाय रिस्क ग्रुप' म्हणत. मास्तर त्यांना गिऱ्हाईक म्हणत.

आमचे साहेब दुकान बघायला आले, पडदा बघितला आणि खूष झाले. प्रायव्हसी आहे, म्हणाले. तपासणीची पाकिटं ठेवायला आणि गिऱ्हाइकांना समजावून द्यायला त्यांनी मास्तरांना नेमलं, आणि मास्तरांवर लक्ष ठेवायला मला. मी तेव्हा समाजकार्याची पदवी घेऊन नवीनच लागले होते. दिंडोशीच्या आमच्या कॉलनीत मी कसल्या आजारावर काम करते हे आईने शेजारणींना अजून सांगितलेलं नव्हतं. मुलगी आरोग्य खात्यात आहे, एवढंच ती सांगायची.

तपासणी सोपी होती. पाकिटात एक चपटी कांडी असते. ती वरच्या आणि खालच्या हिरड्यांवरून एकेकदा फिरवायची, बाटलीतल्या द्रावणात उभी करायची आणि वीस मिनिटं थांबायचं. एक रेघ आली तर काही सापडलं नाही. दोन आल्या तर सरकारी केंद्रात जाऊन रक्त तपासून पक्कं करायचं. सुई नाही, रांग नाही, 'काय काम करतेस' हा प्रश्न नाही. सगळं एकट्याने आणि गुपचूप. मी हे पहिल्या दिवशी मास्तरांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गळ्यातली टेप सारखी केली आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही केलात काय?"

मी म्हटलं, मला गरज नाही, मी हाय रिस्क नाही.

"मग घाबरताय कित्याक?"

घाबरत नाही हे दाखवण्यासाठी मी केली. माझ्या आयुष्यात घाबरण्यासारखं काही घडलेलं नव्हतं, कधी एकदा घडतंय याची मी वाट बघत होते. तरीसुद्धा त्या वीस मिनिटांत मला शाळेतल्या इंजेक्शनपासून पार्लरमधल्या ब्लेडपर्यंत सगळं आठवलं. मास्तरांनी माझ्यापुढे एक ब्लाउज, सुईदोरा आणि हुकांचा डबा सरकवला. बसून काय करताय, लावा, म्हणाले. मी हुक लावत बसले. त्यांनीही एक पाकीट फोडलं, स्वतःच्या हिरड्यांवरून कांडी फिरवली आणि माझ्या बाटलीच्या शेजारी त्यांची बाटली ठेवली. मला वाटलं, शिकताहेत. वीस मिनिटांनी माझी एक रेघ आली. त्यांच्या दोन आल्या होत्या. मी घाबरून त्यांच्याकडे बघितलं तर ते माझे हुक तपासत होते. "वाकडे लावलात," म्हणाले. "उसवा."

ते बरीच वर्षं औषधावर होते. दोन रेघा येणार हे त्यांना कांडी तोंडात घालण्याआधीच ठाऊक होतं.

पुढे त्यांची पद्धतच पडून गेली. जो कुणी तपासणीला येईल त्याच्यासोबत मास्तर स्वतःचीही कांडी लावत. शेजारी शेजारी दोन बाटल्या. पडदा सताड उघडा, कारण पडद्यामागे बसून माणूस नको ते विचार करतो असं त्यांचं मत होतं. आणि पुढ्यात हुकांचा डबा. अख्ख्या घाटकोपरात अशी गुप्त तपासणी कुठे होत नसेल. मोबाईलवाला चहा घेऊन यायचा आणि कुणाची वेळ किती उरली ते विचारून जायचा. गंमत म्हणजे लोक यायचे. आमची दुसरी केंद्रं चकचकीत होती, तिथे एसी होता, पण तिथली पाकिटं कपाटातच पडून राहत.

वस्तीतल्या सभ्य घरांतल्या बायकांनाही मास्तरच हवे असत. फिटिंग झकास, पण हुक कधी कधी वाकडे, अशी त्यांची तक्रार असायची. आपल्या ब्लाउजाला हुक कुणी लावलेत आणि लावताना त्याचं लक्ष कुठल्या बाटलीकडे होतं, हे त्यांना कोण सांगणार? मास्तर गंभीरपणे माफी मागत आणि माणूस नवीन आहे म्हणून सांगत. आणि ते खोटंही नसे.

मास्तर साधे होते, नम्र होते असं कुणी म्हणालं तर मला हसू येईल. घाटकोपर ते मुलुंड एकही टेलर त्यांच्या मते टेलर नव्हता, सगळे पिशव्या शिवणारे. दुपारी दुकानातच सुका बांगडा भाजून खात, आणि कुणी कापडाला वास लागतो म्हटलं तर बांगड्याचा वास लागण्याची लायकी त्या कापडात नाही असं सुनावत. कुणी मापाचा जुना ब्लाउज घेऊन आली की तो दोन बोटांत धरून परत करत. "जुन्या मापावर मी शिवत नाही. हात वर करा." मग ती बाई किती का नेहमीची असेना, आठवड्यापूर्वी का येऊन गेली असेना, तिला हात वर करून उभं राहावं लागे. तपासणीचंही त्यांनी तेच करून टाकलं होतं. कुणी म्हणालं की मागच्या वेळी माझी एक आली होती, तर हे म्हणणार, ते जुनं माप झालं.

आता पाकिटातल्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की जो माणूस आधीच औषध घेतोय त्याने ही कांडी वापरायची नाही. औषधाने विषाणू दबलेला असतो, त्यामुळे कांडी फसू शकते, आजार असून एकच रेघ दाखवू शकते. मी हे मास्तरांना प्रेमाने सांगितलं, रागाने सांगितलं, साहेबांचं नाव घालूनही सांगितलं. शिवाय पाकिटं दुप्पट संपत होती आणि ऑफिसात त्याचं उत्तर मला द्यावं लागत होतं. एकदा मी जरा चढ्या आवाजात विचारलं की तुम्हाला तुमचा निकाल माहीत आहे, मग हा तमाशा कशासाठी?

मालवणी ते एरवी रागावले की बोलत, नाहीतर मासळीबद्दल. त्या दिवशी दोन्ही नव्हतं. मशीन थांबवून म्हणाले, "माझो एक दोस्त होतो. खोलीत आम्ही दोघाच रवायचो. त्येणां रिपोट एकट्यान घेतल्यान, एकट्यान वाचल्यान आणि गावाक गेलो. माका सांगल्यान नाय." मग मराठीत म्हणाले, "दोन रेघा बघणाऱ्याला टेबलावर आधीच दोन रेघा दिसल्या पाहिजेत. मग तो गावाला जात नाही."

दोस्ताचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. मास्तरांच्या राहत्या खोलीत एका खिळ्यावर एक जुना पुरुषी शर्ट टांगलेला असायचा आणि तो मास्तरांच्या मापाचा नव्हता. त्यानंतर मी पाकिटांबद्दल ऑफिसात काहीबाही सांगत राहिले. नियम बरोबर होता, आणि मास्तरही मला बरोबर वाटत होते. अशा वेळी माणूस गप्प बसतो, तशी मी बसले.

त्या सोबतीमुळे जे वाचले त्यांत रोशनी होती. ही जालन्याकडची तृतीयपंथी, टेकडीवर वरच्या अंगाला राहायची, उंच, धिप्पाड आणि तोंडाने फाटकी. तिच्या दोन रेघा आल्या तेव्हा तिने मास्तरांची बाटली बघितली, स्वतःची बघितली, आणि म्हणाली, च्यायला, आपण तर मॅचिंग निघालो. दुसऱ्या दिवशी मास्तर तिला सरकारी रुग्णालयात घेऊन गेले. रक्ताने ते पक्कं झालं आणि गोळ्या सुरू झाल्या. दोघांची गोळी एकच, औषध मिळायची खिडकी एकच, महिन्याची फेरीही एकत्र. परतताना स्टेशनबाहेर दाबेली खायची आणि कोणाच्या दाबेलीत दाणे जास्त आहेत यावरून भांडायचं, हा त्यांचा ठरलेला कार्यक्रम होता.

एका उन्हाळ्यात मला मास्तरांचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "मॅडम, माझी एक आली."

त्या दिवशी रोशनी एका मैत्रिणीला तपासणीला घेऊन आली होती. मैत्रिणीची एक रेघ आली. आणि शेजारच्या बाटलीत मास्तरांचीही एकच. मी ताबडतोब सांगितलं की हेच मी म्हणत होते, औषधामुळे कांडी फसली, आजार आहे तिथेच आहे. त्यावर त्यांनी मला उलट विचारलं. माझी कांडी खोटं बोलत असेल तर बाकीच्यांच्या खऱ्या कशावरून? मी समजावत राहिले की औषध न घेणाऱ्यांचं वेगळं असतं. ते "बरं, बरं" म्हणाले. पण गल्लीत त्या संध्याकाळी सगळ्यांना खरवस मिळाला. मोबाईलवाल्याने कशाबद्दल म्हणून विचारलं तर असाच, म्हणाले. एवढं असूनही स्वतःची गोळी त्यांनी एकही दिवस चुकवली नाही, हे मला पुढे कळलं. त्यांना विश्वास ठेवायचाही होता आणि ठेवायचा नव्हताही. तुम्हीआम्ही तरी वेगळं काय करतो?

रोशनीने मात्र सरळ हिशेब केला. मास्तर आणि मी एकच गोळी खातो, मास्तरांचा आजार गेला, म्हणजे माझाही गेला. तिने गोळ्या बंद केल्या. कुणाला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही. औषधाच्या फेरीच्या दिवशी ती फिरकेनाशी झाली; तिला वाटलं, मास्तरही आता जात नसणार, आणि मास्तरांना वाटलं, ती सवडीने जाऊन येत असेल. मास्तर एकटेच जात आणि, त्यांनीच मला सांगितलं, दाबेली न खाता परत येत.

नवरात्राच्या आधी ती जांभळं कापड घेऊन आली. मी त्या दिवशी दुकानात होते. अंगात सैल कुर्ता होता, खोकत होती, पण धुळीमुळे होतंय म्हणत होती. मास्तर नेहमीसारखे खेकसले, हात वर कर. छातीचं माप घेतलं. टेप गळ्यात टाकली. परत काढली आणि परत घेतलं. मग दंड घेतला, कंबर घेतली. मास्तरांना चेहरे लक्षात राहत नसत, पण एकदा घेतलेलं माप ते विसरत नसत. टेप हातात तशीच धरून त्यांनी अगदी हळू विचारलं, "रोशनी, गोळी खातेस ना गो?"

ती हसून म्हणाली, "कशाला खाऊ? तुमची एक लाइन आली त्या दिवसापासून सोडली. झकास आहे मी."

मास्तर स्टुलावर बसले. भर सणाच्या तोंडावर, हुक लावायच्या ब्लाउजांचा ढीग पडलेला असताना, त्यांनी दुकानाचं शटर ओढलं. मोबाईलवाला बाहेर येऊन बघत राहिला, कारण हे शटर दिवसाढवळ्या खाली आलेलं त्याने कधी बघितलं नव्हतं. आम्ही तिघं रिक्षाने रुग्णालयात गेलो. रोशनी सगळ्या वाटेने भांडत होती. तिचं एकच म्हणणं, आधी मास्तरांचं रक्त काढा. त्यात आजार निघाला तर मी गोळी खाते.

मास्तरांना सुईची भीती होती. शिवणाच्या नव्हे, इंजेक्शनच्या. त्यांचं कांडीवरचं प्रेम त्यातूनच निघालं असावं असा मला दाट संशय आहे. तरीही त्यांनी काउन्सिलरबाईंसमोर बाही वर केली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. बाईंनी कागद बघून सांगितलं की तुमची नोंद आधीपासून आहे, तुम्ही औषधावर आहात, तुमची तपासणी परत करण्याचं काही कारण नाही. मास्तर म्हणाले, काढा. बाई म्हणाल्या, नियमात बसत नाही. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस आपणहून सुई टोचून घ्यायला तयार झाला होता आणि सरकार टोचायला तयार नव्हतं. मी बाईंच्या वतीने रोशनीला सगळं समजावायला लागले. तिने मला हाताने थांबवलं. "मॅडम, तुम्ही नका बोलू. कांडी खरी असते हे तुम्हीच सांगत होता ना?"

तिचं काही चुकलं नव्हतं.

मग मास्तर तिच्याकडे वळले. बाही वरच होती. बाकावर इतर पेशंट बसले होते, सगळे ऐकत होते. "मॅडम माका सांगत होती, कांडी फसता म्हणून. पहिल्या दिवसापासून सांगत होती. माका खरा वाटला होता. पण माका ती एक रेघ आवडली गो. म्हणून गप रवलंय."

"आणि गोळी?" रोशनीने विचारलं.

"गोळी खातंय. रोज."

रोशनी त्यांना कायम अहोजाहो करायची. त्या दिवशी तिने ते सोडलं. "म्हणजे तू खात होतास. आणि मला खरवस दिलास."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायला त्यांनी खिशातून रुमाल म्हणून काढली ती अस्तराची चिंधी होती. मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही सारखंच. रोशनी उठली, काउन्सिलरबाईंच्या टेबलापाशी जाऊन बसली आणि म्हणाली, माझ्या गोळ्या परत चालू करा, ह्या माणसाच्या आधी मी मरणार नाही.

खोकला साधा नव्हता, टीबीचा निघाला. दोन्ही औषधं सुरू झाली. तिला भरती व्हावं लागलं तेव्हा मास्तर डबा घेऊन जायचे. ती डबा ठेवून घ्यायची, खायची, पण तोंड भिंतीकडे करून. घरी आल्यावरही ती मास्तरांशी बोलली नाही. औषध आणायला स्वतःची स्वतः जायची आणि गल्लीतून उतरताना दुकानासमोरून मान वळवून जायची. गोळ्या मात्र वेळेवर घेत होती, रागाने का होईना. मास्तरांनी सोबतीची कांडी लावणं बंद केलं. आता ते तपासणीला आलेल्या माणसासमोर नुसते बसत, आपल्या मांडीवर एक ब्लाउज, त्याच्या मांडीवर एक, आणि दोघं मिळून हुक लावत. मला आजार आहे आणि मी औषधावर आहे, हे आता ते तोंडाने सांगत. कांडीपेक्षा त्याला जास्त वेळ लागायचा. ऑफिसात साहेबांनी पाकिटांची उधळपट्टी आटोक्यात आणल्याबद्दल माझं कौतुक केलं.

ते जांभळं कापड मास्तरांनी परत केलं नाही. त्यांनी ते कापलं. मी बघत होते, आणि त्यांनी कुठलं माप धरलंय ते माझ्या लक्षात आलं. ते नवरात्राआधी घेतलेलं नव्हतं. त्याच्या आधीचं होतं, रोशनी धिप्पाड होती तेव्हाचं. मी म्हटलं, मास्तर, हे जुनं माप आहे. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि कात्री पुढे चालवली. ब्लाउज शिवून त्यांनी मशीनच्या वर हँगरला टांगला, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल असा. गिऱ्हाइकं किंमत विचारत. विकायचा नाही, म्हणत. मला रोज वाटायचं की हा ब्लाउज असाच टांगलेला राहणार, खोलीतल्या त्या शर्टासारखा. मास्तरांनाही वाटत असणार. दर थोड्या दिवसांनी ते त्याच्यावरची धूळ झटकत.

वर्ष तसंच गेलं. मी दुसरी नोकरी धरली होती आणि निरोप घ्यायला म्हणून दुकानात गेले होते. नवरात्र तोंडावर आलं होतं. मास्तर मला माझ्या नव्या नोकरीचे तोटे सांगत होते. तेवढ्यात रोशनी आत आली. आमच्या दोघांकडेही न बघता तिने हँगरवरून ब्लाउज काढला आणि पडद्यामागे गेली. पडदा ओढून घेतला. मास्तरांनी मशीनचं चाक हाताने धरून ठेवलं होतं. आतून बांगड्यांचा आवाज येत होता, मग तोही थांबला.

ती बाहेर आली. पुढचे दोन हुक लागलेच नव्हते आणि दंडात बाही रुतली होती.

"मास्तर," ती म्हणाली, "घट्ट होतोय."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, परत गळ्यात टाकली, परत काढली. "होणारच," ते म्हणाले. "जुन्या मापावर शिवू नये म्हणून मी काय उगाच सांगतंय? हात वर कर."

तिने हात वर केले. मास्तर माप घ्यायला लागले आणि त्यांना टेपवरचे आकडे दिसेनात, म्हणून त्यांनी ते मला वाचायला सांगितले.